संसदेत अडते कोणते विधेयक आणि सुटते कोणते?

कापूस उत्पादक, कळंब (यवतमाळ)

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या हंगामात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, डोक्याच्या वर गेली होती आणि तोंडाला दुपट्टा बांधून वरच्या दिशेने फवारा मारणाऱ्या मजुराच्या अंगावर तेच औषध परत पडत होते. कीटकनाशकांचा कायदा मात्र 1968 चाच आहे. तो बदलण्यासाठी 2008 मध्ये विधेयक आले आणि पडून राहिले. 2020 मध्ये दुसरे आले, विधेयके तपासणाऱ्या खासदारांच्या स्थायी समितीने 2021 च्या डिसेंबरात अहवालही दिला, तरी 17 वी लोकसभा संपेपर्यंत ते मंजूर झाले नाही. बियाण्यांचीही तीच गत आहे. 1966 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त 500 रुपये दंड आहे, म्हणजे बीटी कापसाच्या एका पाकिटाच्या किमतीहून कमी.

याउलट तीन कृषी विधेयके 2020 च्या सप्टेंबरात समितीकडे न जाता, राज्यसभेत तर त्यांपैकी दोन गदारोळात आवाजी मतदानाने, मंजूर झाली आणि 29 नोव्हेंबर 2021 रोजी ते कायदे चर्चेविना रद्दही झाले. माझे म्हणणे असे की, ही कोंडी आणि ही घाई एकाच दुखण्याची दोन रूपे आहेत. पक्ष बाजूला ठेवून मसुद्यावर बोलण्याची सभागृहाची सवयच मोडली आहे. 15 व्या लोकसभेत दहापैकी सुमारे सात विधेयके समित्यांकडे जात होती. 17 व्या लोकसभेत हे प्रमाण सहापैकी एक इतके खाली आले.

कृषी सेवा केंद्र चालक, दिग्रस

भाऊ, मी याच्याशी सहमत नाही. लोकांनी ज्यांना बहुमत दिले त्यांनी कायदे करावेत, हाच निवडणुकीचा अर्थ आहे. सर्वांचे एकमत होईपर्यंत थांबायचे ठरवले, तर 1996 मध्ये प्रथम मांडलेले महिला आरक्षण जसे 2023 पर्यंत रखडले, तसेच सगळे रखडेल. टू-जी (मोबाइल लहरींच्या वाटपाच्या) प्रकरणी संसदेच्या संयुक्त समितीच्या मागणीवरून 2010 चे हिवाळी अधिवेशन जवळजवळ पूर्ण वाया गेले, तेव्हा आजचे सत्ताधारीच विरोधात होते. गोंधळ घालणाऱ्याला समिती देऊन काय साधणार?

आणखी एक. दंड 500 रुपये हे खरे आहे, पण आमच्यावर प्रत्यक्षात कारवाई होते ती 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली, आणि त्यात परवानाच जातो. जुना कायदा आहे म्हणून मोकळे रान आहे, असे चित्र रंगवू नये.

निवृत्त शिक्षक, पवनी (भंडारा)

आमच्या भागात गोसीखुर्द धरणामुळे गावेच्या गावे उठली, त्यामुळे अडवणुकीकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. 2013 च्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पासाठी 80 टक्के बाधितांची संमती आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास बंधनकारक केला. पुढच्याच वर्षी वटहुकूम काढून अनेक प्रकारच्या प्रकल्पांना त्यातून सूट देण्यात आली. त्या वटहुकुमाच्या जागी आणलेले विधेयक लोकसभेने 2015 च्या मार्चमध्ये मंजूरही केले. राज्यसभेत बहुमत नव्हते म्हणूनच तो वटहुकूम अखेर ऑगस्टमध्ये संपुष्टात आला. त्या वेळी संसद अडली नसती, तर जमीनधारकाच्या हाती काय उरले असते? अडणे हेही संसदेचे कामच आहे.

वकील, दारव्हा

समित्यांचे बोलता, पण मूळ गाठ 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीत, म्हणजे पक्षांतरबंदीत आहे. त्यानंतर पक्षादेश मोडून मत देणाऱ्या खासदाराची खासदारकी जाऊ शकते, मग ते मत सरकार पाडणारे असो की बियाण्यांच्या एखाद्या कलमावरचे. विश्वासमत आणि अर्थविधेयक अशा मोजक्या प्रसंगांपुरतेच हे बंधन ठेवावे, अशी शिफारस निवडणूक सुधारणांवरील दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्येच केली होती. तरीही ते सैल करावे असे मला वाटत नाही. महाराष्ट्राने 2022 आणि 2023 मध्ये जे पाहिले, त्यानंतर आमदार-खासदारांच्या विवेकावर सारे सोडा, असे मी अशिलालाही सांगू शकणार नाही.

कापूस उत्पादक, कळंब

गुरुजी, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो माझ्या विरोधात जातो असे वाटत नाही, कारण ज्या 2013 च्या कायद्याचे रक्षण झाले तो स्वतः स्थायी समितीतून गेलेला आणि दोन्ही बाजूंच्या मतांनी मंजूर झालेला होता. वकीलसाहेब, फुटाफुटीचे भय खरे आहे. पण 2022 आणि 2023 मध्ये ही तरतूद जागेवर असूनही पक्ष फुटलेच. म्हणजे जे रोखायचे ते तिने रोखले नाही आणि कलमावर मन मोकळे करणाऱ्या खासदाराचे तोंड मात्र बंद ठेवले.

केंद्रचालक भाऊंनी समितीने काय साधते ते विचारले. 2005 चे वनहक्क विधेयक फक्त आदिवासींपुरते होते आणि त्यात वनजमीन ताब्यात असण्यासाठी 1980 ची मुदत होती. संयुक्त समितीने इतर पारंपरिक वननिवासींना त्यात आणले आणि मुदत 13 डिसेंबर 2005 पर्यंत पुढे नेली. त्याच 2006 च्या कायद्याने 2009 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला.

कृषी सेवा केंद्र चालक, दिग्रस

वनहक्काचे उदाहरण मानतो. परंतु ती समिती सरकारने स्वतःहून नेमली होती आणि तिला काही महिन्यांतच अहवाल देता आला. तुमच्याच सांगण्यानुसार कीटकनाशकांचे विधेयक समितीतून परत आल्यावरही पडून राहिले. मग समितीच्या अहवालानंतर ठराविक मुदतीत सभागृहात मतदान झालेच पाहिजे, असा नियम का मागू नये? बहुमताचा अधिकार न काढता तेवढे करता येईल, आणि त्याला माझा पाठिंबा राहील.