गिअरबॉक्सला चालेल, हायड्रॉलिकला नको
गळक्या सीलच्या गिअरबॉक्सात साबणाने दाट केलेलं तेल, म्हणजे ग्रीस, चालतं, मग तेच हायड्रॉलिकच्या (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेच्या) टाकीत का नको, असं एकाने विचारलंय.

गिअरबॉक्सात चालतं, पण बेअरिंगला भरतो ते नव्हे. ते एनएलजीआय २ चं ग्रीस (एनएलजीआय म्हणजे ग्रीसच्या घट्टपणाची श्रेणी; ०००, ०० ही सर्वांत पातळ). दात एकदा फिरले की ते बाजूला सरतं आणि तिथेच बसतं; झाकण उघडलं तर पेटी भरलेली, दात मात्र कोरडे. इथे ०० किंवा ००० लागतं. ०० चं वर्क्ड पेनिट्रेशन (घुसळलेल्या ग्रीसमध्ये ठराविक शंकू किती रुततो ते, मिलिमीटरच्या दहाव्या भागात) ४०० ते ४३०, ००० चं ४४५ ते ४७५, म्हणजे डबा कलता केला की सावकाश का होईना ओघळतं. कमी वेगाच्या बंद पेटीला उत्तम. जोरात फिरून तापणाऱ्या गिअरला मात्र तेलच द्या. ग्रीस उष्णता नीट वाहून नेत नाही, झिजेचा कीसही तळाला बसू देत नाही.

हायड्रॉलिकचा विचार सोडाच. साबणाचे तंतू बारीक फिल्टरमध्ये अडकणार, पंपाला ओढायला जड जाणार, कॅव्हिटेशन (पंपात पोकळ बुडबुडे होऊन फुटणं) सुरू होणार, व्हॉल्व्हचे स्पूल (आत सरकणारे दांडे) चिकटणार. दाटपणा हवाच असेल तर पंपाच्या मॅन्युअलमध्ये बसत असल्यास आयएसओ व्हीजी (तेलाच्या दाटपणाची श्रेणी) ४६ ऐवजी ६८ चं तेल घ्या. गळतीला उपाय सील बदलणं, दुसरा नाही.

आणि हो, गिअरच्या पेटीत आधी कुठलं ग्रीस होतं ते बघा. सोडियम साबणाचं असेल तर ते पाण्यात विरघळतं आणि लिथियम साबणाच्या ग्रीसशी सहसा जमत नाही. पेटी धुऊनच नवं भरा.