बाबांना मोक्काच्या (संघटित टोळ्यांविरुद्धचा कायदा) केसमध्ये पंच म्हणून समन्स आलंय, काय करावं?

करीरोडची_लेक
नमस्कार मंडळी, जरा घाबरूनच लिहितेय. बाबांची करी रोडला पिठाची गिरणी, आता भाऊ बघतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी दोन टोळ्यांच्या भांडणातून आमच्या भागात गोळीबार झाला, एक जण गेला. तेव्हा पोलिसांनी बाबांना आणि शेजारच्या लॉन्ड्रीवाल्या काकांना पंच म्हणून, म्हणजे जप्ती समोर बघणारे साक्षीदार म्हणून नेलेलं. आरोपीने एका चाळीतल्या पोटमाळ्यावरून पिस्तूल काढून दिलं, ते यांच्यासमोर पाकिटात घालून लाखेचं सील मारलं, लेबलवर दोघांच्या सह्या घेतल्या आणि बाबा घरी आले तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले. त्यांना अजून तो लाखेचा वास आठवतो, पिस्तूल जुन्या परकराच्या कापडात गुंडाळलेलं होतं हेसुद्धा आठवतं. त्यानंतर कुणीच काही विचारलं नाही, आम्ही विसरूनही गेलो.

आणि आता समन्स. लॉन्ड्रीवाले काका कोविडमध्ये गेले, म्हणजे पंचांपैकी बाबा एकटेच उरलेत. त्यात परवा एक ओळखीतलाच मुलगा गिरणीवर येऊन भावाला सांगून गेला की तुझ्या बाबांना म्हणावं वय झालंय, आठवत नाही म्हणून मोकळं व्हा, कशाला डोक्याला त्रास. आई तेव्हापासून धड जेवलेली नाहीये. बाबा ७१ वर्षांचे आहेत. जायलाच लागतं का? आणि खरंच सांगा, एका पंचाच्या बोलण्याने काही फरक पडतो का, शेवटी सुटतातच ना सगळे?

सातरस्ता_जुना
ताई, आईंना का भीती वाटते ते मला पुरेपूर कळतं. १९८३ साली पठाण टोळीच्या अमीरजादा पठाणला कोर्टात हजर केलं होतं तिथेच गोळ्या घातल्या, आणि मग त्याच्या बदल्यात दाऊदच्या बाजूच्या बडा राजनलाही कोर्टाच्या बाहेरच संपवला. दाऊदचा भाऊ साबीर कासकरच्या १९८१ मधल्या खुनापासून सुरू झालेलं ते वैर, एकाने एक मारला की दुसऱ्याने एक. जुलै १९९२ मध्ये दाऊदच्या मेव्हण्याला, इब्राहिम पारकरला गवळी टोळीने नागपाड्यात मारलं, तर बदला म्हणून १२ सप्टेंबरला जेजे हॉस्पिटलमध्ये घुसून गवळी टोळीच्या शैलेश हळदणकरला मारला. पहाऱ्यावरचे दोन पोलीस शिपाई त्यात हकनाक गेले, त्यांचं तर कुणाशीच वैर नव्हतं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे दुपारीच शटर खाली, कापड गिरणीची दुसरी पाळी सुटली की माणसं घोळका करून घरी जायची. तेव्हा कोर्टात कोण उभं राहणार होतं? कुणीच नाही, आणि म्हणूनच ते इतकी वर्षं चाललं असं माझं स्पष्ट मत आहे.

काळाघोडा_वकील
ताई, समन्स आलंय म्हणजे जायला लागतं. नाही गेलात तर वॉरंट निघू शकतं. तब्येतीचं कारण असेल तर डॉक्टरांच्या कागदांसकट सरकारी वकिलांना आधी कळवा, तारीख मिळते, व्हिडिओ कॉन्फरन्सवर साक्ष घ्यावी असा अर्जही करता येतो.

आता फरक पडतो का त्याबद्दल. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब एरवी कोर्टात चालत नाही. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा होता तोवर चालायचा, तो १९९५ मध्ये संपला आणि पुढची चार वर्षं मुंबईत टोळ्यांच्या गोळीबारांना ऊत आला, बिल्डर, हॉटेलवाले, सिनेमावाले कुणी सुटलं नाही. म्हणून १९९९ मध्ये मोक्का आणला. त्यात कलम १८ खाली एसपी किंवा डीसीपी (पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त) दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा जबाब पुरावा म्हणून धरतात, चार्जशीटला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळते आणि जामीन अवघड होतो. पण गुन्हा नोंदवायलाच डीआयजीची (उपमहानिरीक्षक) मंजुरी लागते, खटल्याला त्याहून वरच्या एडीजीची (अतिरिक्त महासंचालक), आणि मागच्या दहा वर्षांत टोळीवर एकापेक्षा जास्त चार्जशीट असावी लागतात. यातलं एखादं जरी कच्चं राहिलं तर बचावाचा वकील पहिला तिथेच हात घालतो, मीही घालतो, ते आमचं कामच आहे.

आणि कबुलीजबाब आरोपी नंतर फिरवतातच. मग कोर्ट विचारतं, बाकी काय आहे? कालिन्याच्या फॉरेन्सिक लॅबचा रिपोर्ट सांगेल की मयताच्या अंगातली गोळी याच पिस्तुलातली. पण ते पिस्तूल या आरोपीने काढून दिलं हे सांगणारे कोण, तपास अधिकारी आणि तुमचे बाबा. अधिकारी तर पोलिसांचाच माणूस, बाहेरचा साक्षीदार एकच. पंच फितूर झाला, कोऱ्या कागदावर सही केली असं म्हणाला, की रिकव्हरी, म्हणजे पिस्तूल आरोपीकडून मिळाल्याचा पुरावा, लंगडी पडते. सगळेच सुटतात असं नाही, नगरसेवक कमलाकर जामसंडेकरांच्या २००७ च्या खुनात अरुण गवळीला २०१२ मध्ये जन्मठेप झाली ती मोक्का कोर्टातच, २०१९ मध्ये हायकोर्टाने कायमही केली. पत्रकार जे. डे यांच्या खून खटल्यात टोळीप्रमुख छोटा राजनला २०१८ मध्ये जन्मठेप झाली. पण कॅसेटवाले गुलशन कुमार यांच्या खून खटल्यात २००२ मध्ये १९ पैकी १८ जण सुटले, आणि कामगार नेते दत्ता सामंतांच्या १९९७ च्या खुनात छोटा राजन २०२३ मध्ये निर्दोष सुटला, २६ वर्षांनी.

तो मुलगा गिरणीवर आला ते मात्र हलक्यात घेऊ नका. साक्षीदाराला खोटं बोलायला धमकावणं हा न्याय संहितेच्या कलम २३२ खाली वेगळा गुन्हा आहे.

करीरोडची_लेक
वकील साहेब खूप धन्यवाद, इतकं कुणीच समजावून सांगितलं नव्हतं. पण तो मुलगा धमकी देऊन गेला असं पण नाही म्हणता येत हो, हसत बोलला, चहा पण प्यायला. तक्रार केली तर वाढेल का प्रकरण?

निवृत्त_हवालदार_भायखळा
बाळा, असेच येतात ते, चहा पिऊनच जातात. आवाज चढवणारा त्यामानाने बरा. आमच्या काळात मी असे किती साक्षीदार पाहिले, सकाळी घरून आणायला जावं तर दाराला कुलूप, माणूस गावी. त्यांना दोष नाही देणार मी, त्यांच्यामागे कोण होतं? आता निदान २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर साक्षीदार संरक्षणाची स्कीम तरी आहे, जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करायचा, एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) धोक्याचा अहवाल देतो, त्यावरून बंदोबस्त ठरतो. मोक्कामध्ये नाव गुप्त ठेवायची, बंद दाराआड साक्ष घ्यायची सोय आहेच. तो मुलगा कधी आला, काय बोलला ते भावाच्या हातून तारखेसकट लिहून काढ आणि सरकारी वकिलांकडे दे. तोंडी सांगू नकोस, लेखी दे आणि पोच घे.

आणि बाबांना सांग, पाठ करून जाऊ नका. पंचनामा आधी वाचायला मिळतो, तो शांतपणे वाचा. सरतपासात, म्हणजे सरकारी वकील विचारतील तेव्हा, सही आणि सील ओळखायचं, मुद्देमाल (जप्त केलेली वस्तू) समोर ठेवतील तो नीट बघायचा. उलटतपासात बचावाचे वकील विचारतील किती वाजता निघालात, जीप होती की व्हॅन. नाही आठवत तर नाही आठवत सांगा, अंदाजाने एक शब्द नको. परकराच्या कापडाचं आठवतंय ना, ते विचारलं तर सांगा. शिकवलेल्या माणसाला असलं काही सुचत नाही, जज्जसाहेबांना ते बरोबर कळतं.

करीरोडची_लेक
काका, तुमचं बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले त्या गेलेल्या पोराची आई अजून मागच्या गल्लीत राहते, पीठ न्यायला आपल्याकडेच येते. जातो म्हणतायत. मी रजा टाकतेय. अर्ज उद्याच देतो. एवढंच विचारायचंय, सेशन कोर्टात जिन्याचा त्रास होईल का, गुडघे दुखतात त्यांचे.

काळाघोडा_वकील
लिफ्ट आहे, पण सकाळी रांग असते, दहाच्या आधी पोचा. समन्सची कॉपी, आधार, औषधं आणि जवळचा चष्मा आठवणीने घ्या, लेबलवरची सही बारीक असते. आणि पहिल्याच दिवशी साक्ष होईल असं धरून चालू नका, तारीख पडली तरी प्रवास भत्ता मागून घ्या.