जोडीदारासाठी रिव्हॉल्वर: निवड आणि सराव, तुमचे अनुभव लिहा

अमेरिकेत ग्रीन कार्ड झाल्यावर घरी रिव्हॉल्वर घेतलेली बरीच मराठी जोडपी भेटतात आणि सगळ्यांचा प्रश्न तोच, बायकोसाठी किंवा नवऱ्यासाठी कुठलं घ्यायचं. बंदूक असावी की नसावी हा वाद इथे नको, प्लीज.

सुरुवात मी करतो. हिच्या अंगठ्यात संधिवात, पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढवेना म्हणून रिव्हॉल्वर. दुकानात बाईमाणूस दिसलं की सगळ्यात हलकं काढून देतात, म्हणजे स्मिथ अँड वेसन ६४२ वगैरे, पाच गोळ्यांचं, जेमतेम चारशे ग्रॅम. पर्समध्ये मस्त मावतं, पण वजन कमी म्हणजे सगळा धक्का हातालाच ना! रेंजवर भाड्याने घेऊन दोन-तीन चालवून बघितली आणि हिने स्वतःच रुगर एसपी१०१ निवडलं, अख्खं स्टीलचं, जवळपास दुप्पट जड, त्यात .३८ स्पेशलच्या (आकडा म्हणजे गोळीची इंचातली ढोबळ जाडी) हलक्या वॉडकटर, म्हणजे चपट्या टोकाच्या सरावाच्या गोळ्या. चाप मात्र जडच असतो, तो बोटाला ओढवतोय का हे घेण्याआधी बघाच.

———

+१ स्टीलला. मी पलीकडच्या बाजूची, जिच्यासाठी घेतलं ती :) नवऱ्याने शिकवू नये हे माझं ठाम मत, गाडी शिकवताना जे होतं तेच होतं. मी बायकांच्या क्लासला गेले. बाईंनी आधी .२२ हातात दिली, आवाजाची धास्ती गेल्यावर मग .३८. सिलेंडर (गोळ्या भरतात तो फिरता भाग) आणि नळीच्या मधल्या फटीशेजारी कागद धरून ठेवला होता, बार उडाल्यावर तो काळा पडून फाटलेला दाखवला, तेव्हापासून डाव्या हाताचं बोट सिलेंडरच्या पुढे कधी जात नाही.

———

आमच्याकडे मुलं झोपली की ड्राय फायर, म्हणजे खरी गोळी न भरता चाप ओढायचा सराव. खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात, स्नॅप कॅप (सरावाच्या खोट्या गोळ्या) भरायच्या, नळीवर डाइम (दहा सेंटचं नाणं) ठेवायचा आणि चाप ओढताना तो पडू द्यायचा नाही. रेंजवर मी तिला न दाखवता खऱ्या गोळ्यांत एखादी स्नॅप कॅप घालतो, नुसता टक् आवाज होतो आणि हात दचकतो का ते तिचं तिलाच कळतं.

———

पुण्याहून. इथे .३८ प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य लायसन्सवर न मिळणारी, त्यामुळे .३२ च. बायकोने निर्भीक घेतलं, कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने २०१४ मध्ये खास बायकांसाठी म्हणून काढलेलं, अर्धा किलो वजन. लायसन्स तिच्याच नावावर काढा, नवऱ्याच्या लायसन्सवर चालत नाही. गोळ्या मोजूनमापून मिळतात म्हणून ड्राय फायरवरच भर द्यायचाय, तर .३२ च्या स्नॅप कॅप इथे कुठे मिळतात?