मदत हवी आहे: प्रकाशक बदलला आणि ई-जर्नलचे जुने अंक बंद झाले

आमच्या ग्रंथालयाच्या वर्गणीतलं एक ई-जर्नल जानेवारीपासून दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलं. चालू अंक नव्या प्लॅटफॉर्मवर उघडतात. मात्र २०१४ ते २०२३ या पैसे भरलेल्या वर्षांच्या लेखांवर खरेदीचं पान येतं. जुन्या करारात कायमस्वरूपी अ‍ॅक्सेसचं कलम आहे. नवा प्रकाशक म्हणतो हक्कधारकांची यादी आलीच नाही, जुना म्हणतो पाठवली.

आयपी रेंज (संस्थेचे नोंदवलेले नेटवर्क-पत्ते) किंवा प्रॉक्सीचा (बाहेरून लॉगिनची सोय) दोष नाही, नाहीतर चालू अंकही अडले असते. काउंटर या वापर-आकडेवारीच्या मानकातल्या टीआर_जे२ अहवालात (जर्नलला अ‍ॅक्सेस नाकारल्याच्या नोंदी) सगळे नकार 'नो लायसन्स'खाली (परवानाच नाही) आहेत, 'लिमिट एक्सीडेड'खाली (एका वेळच्या वापरकर्त्यांची मर्यादा ओलांडली) एकही नाही. म्हणजे गोंधळ हक्कांच्या नोंदीतच.

जर्नल एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे जातानाची 'ट्रान्सफर' आचारसंहिता ऐच्छिक असल्याने तिचा धाक किती, शंकाच आहे. अशा वेळी नवा प्रकाशक पुरावा म्हणून काय मान्य करतो? वर्षवार बिलं पुरतात, की सहीचा करार आणि त्या-त्या वर्षाची शीर्षक-यादीही लागते?

दुसरी अडचण. नव्या प्रकाशकाच्या केबार्ट फाईलमध्ये (कोणत्या जर्नलचे कोणते अंक उपलब्ध याची ठरावीक नमुन्यातली यादी) पहिल्या खंडापासून सगळं उपलब्ध दिसतं, त्यामुळे लिंक रिझॉल्व्हर (संदर्भावरून लेखापर्यंत नेणारी प्रणाली) वाचकाला थेट खरेदीच्या पानावर नेतो. नॉलेज बेसमध्ये (लिंक रिझॉल्व्हर वापरतो तो जर्नलांचा डेटाबेस) कव्हरेजच्या तारखा हाताने बदलल्या, तर पुढच्या अपडेटमध्ये त्या टिकतात का? की वेगळं स्थानिक कलेक्शन करून जुनी वर्षं आंतरग्रंथालयीन देवघेवीकडे वळवणं बरं?

पोर्टिको या डिजिटल जतन सेवेमार्फत वर्गणी थांबल्यानंतरचा अ‍ॅक्सेस प्रकाशक बदललेल्या जर्नलसाठी कुणी मिळवला असेल, तर अर्जासोबत काय जोडलं तेही सांगा.