मदत हवी आहे : कचरावाहू गाड्यांच्या जीपीएस अहवालात ‘थांबा’ कसा मोजावा?

नमस्कार.

मी उत्तर गोव्यातील एका नगरपालिकेच्या स्वच्छता विभागात पर्यवेक्षक आहे. आमच्याकडे एकूण ११ वाहने आहेत. त्यांत घरोघरचा कचरा उचलणारे टिपर, दोन कॉम्पॅक्टर आणि शौचटाक्या उपसणारा एक सक्शन टँकर आहे. नव्याने नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना १ जानेवारी २०१९ पासून गाडीचे ठिकाण कळवणारे जीपीएस यंत्र सक्तीचे झाले; कचऱ्याच्या गाड्यांवर ती सक्ती नव्हती, तरीही गाडी आलीच नाही या रोजच्या तक्रारींचा निकाल लागावा म्हणून आम्ही ती आपणहून बसवली. त्या बाबतीत उपयोगही झाला. कोणत्या वाड्यावर गाडी किती वाजता पोहोचली हे आता नागरिकांना पुराव्यानिशी सांगता येते, आणि साळगावच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पात किती फेऱ्या गेल्या यावर वाद उरलेला नाही.

अडचण आहे ती थांब्यांच्या अहवालाची. पुरवठादाराच्या प्रणालीत वेग ताशी ५ किलोमीटरच्या खाली गेला की गाडी थांबली असे धरले जाते, आणि १० मिनिटांहून मोठा थांबा लाल रंगात छापून येतो. गेल्या महिन्यात एका चालकाच्या एका दिवसाच्या अहवालात असे ९ लाल थांबे दिसले. त्यावरून त्याला कारणे दाखवा नोटीस निघाली आणि वेतनकपातीचा विषय पुढे आला. तो चालक स्वतःची वही घेऊन माझ्याकडे आला. सकाळी ६.५२ च्या थांब्यासमोर त्याने लिहिले होते : ‘देवळामागची वाट, १४ घरे, हातगाडी.’ ती वाट मी पाहिलेली आहे. दोन्ही बाजूंना चिऱ्यांची कुंपणे असल्यामुळे टिपर आत वळतच नाही. तो तोंडाशी उभा करून दोघे कामगार हातगाडीने आतला कचरा आणतात. उरलेल्या आठांपैकी सहा थांबे याच प्रकारचे निघाले. दोन थांब्यांचा खुलासा त्याला देता आला नाही, हेही येथे नमूद करतो.

माझ्या मते चूक यंत्राची नाही, अहवालाच्या साच्याची आहे. गोव्यात खनिजवाहू ट्रकांवर ही यंत्रणा आधीपासून आहे. तेथे गाडी खाणीतून निघते आणि जेटीवर पोहोचते, त्यामुळे मधला प्रत्येक थांबा संशयास्पद मानणे योग्यच आहे. कचऱ्याच्या गाडीचे मात्र कामच थांब्यावर होते, आणि तरीही आम्हाला मालवाहतुकीचाच अहवाल जसाच्या तसा मिळाला आहे. कॉम्पॅक्टर आणि टँकर यांच्या बाबतीत तर हा घोळ अधिकच वाढतो, कारण कचरा दाबण्याचे हायड्रॉलिक आणि मैला खेचणारा पंप हे दोन्ही गाडीच्या इंजिनावरच चालतात. गाडी उभी आणि इंजिन सुरू, एवढेच प्रणालीला दिसते. ती त्याची नोंद ‘इंधनाचा अपव्यय’ अशी करते. पंप सुरू असल्याची खूण देणारी वेगळी तार यंत्राच्या रिकाम्या इनपुटला जोडता येते, असे आमच्या मेकॅनिकचे म्हणणे आहे. हे कोणी प्रत्यक्ष केले आहे का? पावसाळ्यात ती जोडणी टिकते का?

डिझेलच्या सेन्सरबद्दलही थोडे विचारायचे आहे. चढावर गाडी उभी राहिली की टाकीतील पातळी एका बाजूला कलते आणि चोरीचा इशारा येतो. सध्या आम्ही हे इशारे विचारात न घेता डिझेलच्या पावत्या व लॉगबुक यांचाच ताळा धरतो.

मुख्य विनंती अशी की, ज्यांनी नगरपालिका किंवा पंचायतीच्या गाड्यांसाठी थांब्यांचे नियम ठरवले आहेत त्यांनी ते कसे ठरवले ते सांगावे. प्रत्येक मार्गावरील मान्य थांबे चालक व कामगारांना सोबत घेऊन नकाशावर आखून घ्यावेत आणि त्याबाहेरचा थांबाच तेवढा तपासावा, असा माझा विचार आहे. पण नवे घर किंवा नवी इमारत झाली की ती यादी कोण बदलणार, हे मला सुचलेले नाही. शिवाय काही नगरसेवकांनी थेट लॉगिन मागितले आहे. कामाच्या वेळेनंतर गाडी कुठे आहे हे कोणी आणि किती दिवस पाहावे, याची मर्यादा लेखी असायला हवी असे मला ठामपणे वाटते.

देखभालीच्या नव्या निविदेचा मसुदा पुढील महिन्यात पालिका मंडळासमोर येणार आहे. कोणाकडे प्रत्यक्ष वापरातले कलम असेल तर कृपया त्याचा मजकूर येथेच द्यावा. त्या चालकाच्या नोटिशीला उत्तर देण्याची मुदत मात्र त्याआधीच संपते. उत्तरासोबत त्याची वही पुरावा म्हणून जोडू द्यावी, असा अर्ज मी काल मुख्याधिकाऱ्यांकडे दिला आहे.