स्टिरिओचे पैसे वेगळे मिळत नाहीत
जुनी गाडी विकताना अँड्रॉइड स्टिरिओ, ॲम्प्लिफायर आणि कॅमेऱ्याला घातलेले ३० हजार गाडीच्या किमतीत धरा, हे एकाचं म्हणणं काही पटलं नाही. घेणारा आधी वायरिंग बघतो. कपलरने, म्हणजे वायर न कापता प्लगने, जोडलं असेल तर ठीक. मूळ वायर कापून टेप गुंडाळली असेल तर उलट भाव पाडतो, आणि त्यात त्याचं काय चुकलं? फ्यूजशिवायची जोडणी पेटूही शकते. त्यात आपल्या सोलापूरचा मे! ४२-४३ अंशांत होटगी रोडला दिवसभर उभ्या गाडीत स्वस्तातला स्क्रीन किती टिकणार? कंपनीचा जुना स्टिरिओ माळ्यावर असेल तर तोच परत बसवून गाडी दाखवा, नवा वेगळा विका. आणि हो, बाहेरून बसवलेल्या वस्तू विम्याच्या आयडीव्हीत (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीत) आपोआप येत नाहीत, पॉलिसीत वेगळ्या नोंदवाव्या लागतात.