रविवारच्या उपासनेला ठरलेली वेळ आणि सेवेची यादी हवीच

वणीकडचा

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) उपासनेला जाणं होतं. कोणत्याही एका मंडळीबद्दल हे लिहीत नाही, कारण चित्र सगळीकडे सारखंच आहे. फळ्यावर साडेनऊ लिहिलेलं, सुरुवात साडेदहाला. वचन कोण वाचणार हे पाळकसाहेब फटफटीवरून उतरल्यावर ठरतं. जो पुढे बसलाय त्याच्या हातात पवित्र शास्त्र दिलं जातं. तो आधी खिशात चष्मा शोधतो, मग उतारा शोधतो, आणि यहेज्केलचं पुस्तक सापडेपर्यंत मागची पोरं खिदळायला लागतात. पेटीवाल्याला गीत कोणतं ते माहीत नसतं, पट्टी जुळेपर्यंत पहिलं कडवं संपलेलं. साक्षीला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, कुणी उभं राहिलं की मुलीच्या सोयरिकीपासून बैलाच्या खुरापर्यंत सगळं येतं. या सगळ्यात प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा, रविवार असला तर काय होतं? ताट आणि पेला भराभर फिरवून ते उरकलं जातं. ज्याच्यासाठी जमलो त्यालाच वेळ उरत नाही.

माझं म्हणणं एवढंच की महिन्याची यादी आधी लावा. वचन कोण वाचेल, प्रार्थना कोण करेल, दान कोण घेईल, सतरंज्या कोण टाकेल, पाण्याचा माठ कोण भरेल, सगळं. आणि वेळ एकदा ठरली की पाळा. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलं, "सर्वकाही शिष्टाचाराने व व्यवस्थितपणे होऊ द्या." हे काही साहेबी खूळ नाही. यरुशलेमच्या मंदिरातही सेवा पाळीनंच चालायची. जखऱ्या याजक अबीयाच्या वर्गातला. त्याच्या वर्गाची पाळी आली, चिठ्ठी त्याच्या नावाची निघाली, म्हणून तो धूप जाळायला आत गेला. देवदूत भेटला तो ड्यूटीवर असताना, हे लक्षात घ्या.

यादी नसली की सगळ्यांना मोकळीक मिळते असं लोक समजतात. तसं होत नाही. यादी नसली की मोठ्या घरचा माणूस वाचतो, मोठ्या आवाजाचा प्रार्थना करतो, आणि सतरंजी झटकणारी म्हातारी वर्षानुवर्षं तीच राहते.

निवृत्त मास्तर

शंभर टक्के सहमत. शिवाय दानाचा मुद्दा तुम्ही ओझरता घेतलात. आमच्या तालुक्यातल्या एका मंडळीत दानाची पेटी एकच गृहस्थ घरी नेऊन मोजत असत. त्यांनी एक पैसाही खाल्ला नसेल, पण गावात कुजबुज सुरू झाली आणि दोन घरांनी उपासनेला येणं सोडलं. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलानं तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसं जोडून दिली, ते याचसाठी. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणी आपल्याला दोष देऊ नये, असं तो स्पष्ट लिहितो (२ करिंथ ८). प्रेषिताला जर साक्षीदार लागत होते, तर आपण कोण? दोघांनी मंडळीसमोर मोजावं, वहीत लिहावं, दोघांनी सही करावी.

वेळेबद्दल तर बोलायलाच नको. लग्नाची पंगत कुणाची चुकत नाही, उपासना बरी चुकते.

ढोलकीवाला

मास्तर, तुमाले पेन्शन हाये म्हून घड्याळ हाये. रागावू नका, पण खरं सांगून रायलो. दिवाळीपासून संक्रांतीलोक आमच्या गावात रविवार नावाचा वारच नसते. सकाळी ऑटो येते, बाया भरून कापूस वेचणीले जाते. मजुरी किलोवर. गेली नाई तं त्या दिवशी हातात काई नाई. साडेनऊले तुमी तिघं-चौघं बसून "सर्व लोकहो" म्हणान, आन् लोक वावरात.

आन् साक्षीचं काय ते सोयरिक आन् बैल! एक बाई हाये आमच्याकडं, नवरा कर्जापायी गेला. बोंडाच्या टोकानं तिची बोटं पार सोललेली रायते, ओढणीत गुंडाळून उभी रायते. बोलते मंग पंधरा मिनटं. बँकेचं बोलते, दिराचं बोलते, मधातच देवाले धन्यवाद देते, आन् परत दिरावर येते. गावात तिले दुसरीकडं कोण ऐकते हो? ग्रामसभेत? तुमी तिले तीन मिनटाची घंटी वाजवान काय?

पौल तरी कुठं घड्याळ पाहे? त्रोवसले मध्यरातीलोक बोलत बसला होता.

निवृत्त मास्तर

आणि म्हणूनच खिडकीत बसलेला पोरगा झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला! पौलानं त्याला उठवलं म्हणून बरं. आपल्याकडे उठवणारा कोण आहे?

थट्टा सोडा. करिंथच्या पहिल्या पत्राचा १४वा अध्याय नीट वाचा. अन्य भाषेत बोलणाऱ्यांनी दोघांनी, फार तर तिघांनी, आणि एकामागून एक. संदेश सांगणाऱ्यांनाही तीच मर्यादा. बसलेल्या दुसऱ्याला काही प्रकट झालं तर पहिल्यानं गप्प राहावं. ही मर्यादा आत्म्याच्या दानांनाच घातलेली आहे, आणि तुम्ही म्हणता साक्षीला मर्यादा नको.

वेचणीवाली

मास्तर, १४वा वाचता तसा त्याच पत्राचा ११वाही वाचा की. माझा सगळा रोख तिथं आहे.

करिंथात गोंधळ काय होता? प्रभुभोजनाला जमायचे तेव्हा जो तो आपलं जेवण आधीच उरकून घ्यायचा. एक भुकेला, दुसरा पिऊन मस्त. पौल विचारतो, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का? आणि उपाय काय सांगतो? भोजनासाठी एकत्र येता तेव्हा एकमेकांची वाट पाहा. हे तो व्यवस्थेचाच भाग म्हणून सांगतोय, कारण शेवटी लिहितो की बाकीच्या गोष्टींची व्यवस्था मी आल्यावर लावीन. वाट पाहणं हा पहिला नियम, मग बाकीचे.

मी स्वतः वेचणीला जाते. दुपारी अडीचला परतल्यावर कळतं की प्रभुभोजन झालं, ताट धुऊन कपाटात गेलं. वेळ पाळणाऱ्यांनी वेळ पाळली. मला मात्र वाटतं की आम्हाला मोजलंच नाही. साडेनऊ ही वेळ कोणाला विचारून ठरली? ज्यांच्या वावरात आम्ही वेचतो त्यांना विचारून.

वणीकडचा

ताई, मुद्दा रास्त आहे, पण तो माझ्या विरोधात जात नाही. वेळ कुणाला विचारून ठरली हे तुम्ही विचारू शकता, कारण वेळ ठरलेली आहे. वेळ ठरलेलीच नसेल तर वाट कुणी कुणाची पाहायची?

वेचणीच्या महिन्यांत उपासना संध्याकाळी साडेसहाला घ्या. मंडळीनं बसून ठरवा, फळ्यावर लिहा. जे आजारी किंवा वावरात अडकलेत त्यांच्यासाठी जुना दाखला आहे. साधारण इ. स. १५५च्या सुमारास रोममध्ये हुतात्मा जस्टिननं रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांची पुस्तकं वेळ असेल तितका वेळ वाचायची, मग पुढाऱ्याचा बोध, मग सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस. आणि जे आले नाहीत त्यांच्याकडे सेवक भाकर घेऊन जायचे. सेवकांचं ते कामच होतं, कुणाची मर्जी नव्हती. दान पुढाऱ्याजवळ जमा व्हायचं आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांची सोय व्हायची. ताईंच्या घरी कोण जाणार हे आपल्याकडे कुणाच्याच नावावर नाही, म्हणून कुणी जात नाही.

साक्षीबद्दल मात्र ढोलकीवाले भाऊ बरोबर बोलले. त्या बाईला घंटी वाजवू नये. पण तिच्या आधी उभे राहून वीस मिनिटं स्वतःच्या मोठेपणाची साक्ष देणारे तिघं असतात, त्यांचं काय करायचं ते सांगा. त्यांच्यामुळे ती बसून राहते.

ढोलकीवाला

हे मानलं. असे हायेत.

पण संध्याकाळची गोष्ट तुमी यवतमाळात बसून सांगता काय? आमच्याकडं सातले लाइट जाते. आन् पाळकसाहेबाले रविवारी तीन गावं. आमचा नंबर कधी लागन हे त्याच्या फटफटीले ठावं. उशीर लोकं करत नाई, रस्ता करते.

नागपूरचा पोरगा

मग पाळकसाहेबांसाठी थांबता कशाला? गीत, वचन, प्रार्थना, साक्ष हे मंडळीतल्या वडिलांनी (एल्डरांनी) सुरू करावं. ते आले की बोध आणि प्रभुभोजन. अर्धी उपासना तर त्यांच्याशिवाय होऊ शकते.

निवृत्त मास्तर

दीक्षित पाळकाविना उपासना चालवायची सवय लागली की उद्या प्रभुभोजनही कुणीही द्यायला लागेल. आमच्या वडीलधाऱ्यांनी ही शिस्त मोठ्या कष्टानं लावली. ती सोयीसाठी मोडू नये.

नागपूरचा पोरगा

काकाजी, शिस्त म्हणजे एकच साचा असं नसतं. २९ नोव्हेंबर १९७०ला इथं नागपुरातच सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली. काही बालकांना बाप्तिस्मा देणाऱ्या, काही फक्त कबुली देणाऱ्या प्रौढांना. भांडण मिटवायला कुणाचा बाप्तिस्मा रद्द केला नाही, दोन्ही पद्धती ठेवल्या आणि दोन्हींचे नियम लिहिले. बाप्तिस्म्यासारख्या गोष्टीत हे जमलं, तर पहिलं गीत पाळक येण्याआधी म्हटलं म्हणून काय बिघडतं? प्रभुभोजन दीक्षितानंच द्यावं हे मलाही मान्य आहे. ते यादीतच लिहा.

निवृत्त मास्तर

गीत आणि वचनापुरतं ठीक. बोध नाही.

वेचणीवाली

यादी लिहायला बसलातच आहात तर माझं एक ऐका. कालपर्यंत ज्या याद्या पाहिल्या, त्यात बायांची नावं दोनच ठिकाणी असतात: झाडलोट आणि चहा. प्रेषितांच्या काळात विधवांच्या वाटपात हयगय झाली तर त्यासाठी सात चांगली माणसं निवडली, आत्म्यानं आणि ज्ञानानं भरलेली. वाढपाला एवढी मोठी माणसं लावली. म्हणजे झाडलोट हलकी नाही, हे मला मान्य. मग पंचाच्या पोराचंही नाव तिथं येऊ द्या, आणि माझं वचनाला.

निवृत्त मास्तर

१ करिंथ १४:३४ आहे ना, स्त्रियांनी मंडळ्यांत गप्प राहावं.

वेचणीवाली

आणि ११:५ही आहे. तिथं बाई प्रार्थना करते, संदेश सांगते, आणि पौल तिच्या डोक्यावरच्या पदराचं बोलतो, तिला बस म्हणत नाही. माझा पदर आहे डोक्यावर.

वणीकडचा

चिठ्ठ्या टाका. १ इतिहासाच्या २५व्या अध्यायात गाणाऱ्यांच्या २४ पाळ्या अशाच ठरल्या. लहान काय, मोठा काय, गुरू काय, शिष्य काय, सगळ्यांच्या चिठ्ठ्या सारख्या. मंडळीतल्या प्रत्येक बाप्तिस्मा झालेल्या माणसाचं नाव डब्यात. वाचनाची चिठ्ठी वेगळी, झाडण्याची वेगळी, दान मोजायची वेगळी. ज्याचं नाव निघेल त्यानं उतारा शनिवारी घरी वाचून यायचा.

मास्तरांना बायांचं वाचन पटत नसेल तर त्यांनी मंडळीच्या सभेत हात वर करून विरोध नोंदवावा. पण नुसती यादीच लावायची नाही, हा मार्ग नको.

निवृत्त मास्तर

नोंदवीन. दान मोजायच्या डब्यात मात्र माझं नाव टाका.

ढोलकीवाला

माह्यं नाव वाचनाच्या डब्यात नोका टाकू. मले वाचता येत नाई.

वेचणीवाली

पाठ काय आहे तुमचं?

ढोलकीवाला

१२१वं स्तोत्र. आजी म्हणे रोज. पुरं येते.

वेचणीवाली

मग तेच म्हणा तुमच्या पाळीला. पुस्तक हातात धरलंच पाहिजे असं कुठं लिहिलंय?

ढोलकीवाला

हे जमते. पण मंग त्या रविवारी ढोलकी कोण वाजवन, तेबी लिहा यादीत. पोट्ट्याईच्या हातात देऊ नका, मांगच्या नाताळात पुडी फाडली.